डीव्हीडी प्लेयर ५.१ होम थिएटरला जोडला, पण मधला स्पीकर मुकाच आहे

पांदणवाट (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझे गाव दारव्हा तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. मोबाइलची रेंज घरामागच्या कडुलिंबाखाली गेल्यावरच मिळते. त्यामुळे ऑनलाइन चित्रपट पाहणे आम्हाला जमत नाही, आणि बाबांनी गेल्या पंधरा वर्षांत जमवलेल्या डीव्हीडी हीच घरातली करमणूक आहे. बाबांना आता उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. टीव्हीच्या आवाजात त्यांना संगीत कळते, मात्र माणसे काय बोलतात ते कळत नाही, म्हणून तुरीचे पैसे आल्यावर मी यवतमाळहून पाच स्पीकर आणि एक वूफर असलेले होम थिएटर आणले. संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असतो असे वाचले होते, आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हा खर्च केला.

सध्या प्लेयरची एचडीएमआय तार टीव्हीला जोडली आहे आणि टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून एक तार होम थिएटरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटमध्ये, गेली आहे. दुकानदाराने असेच जोडायला सांगितले होते. यात समोरचे दोन स्पीकर आणि वूफर वाजतात. मधला स्पीकर आणि मागचे दोन गप्प राहतात. प्लेयरच्या मागे एक नारिंगी सॉकेटही आहे. ते ऑक्सला जोडून पाहिले, तर टिनावर गारा पडाव्यात तशी कर्कश खरखर आली आणि मी घाबरून लगेच बंद केले. प्लेयर बिघडला आहे, होम थिएटर बिघडले आहे, की जोडणीच चुकली आहे?

माळवद

भाऊ, दोन्ही यंत्रे शाबूत आहेत असे मला आपल्या वर्णनावरून वाटते. मी वणीजवळ राहतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

डीव्हीडीवर सहा वाहिन्यांचा आवाज सहा वेगवेगळ्या रेघांनी लिहिलेला नसतो. समोरचे दोन, मधला, मागचे दोन आणि वूफरची खोल आवाजाची वाहिनी, हे सगळे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतीने दाबून एकाच प्रवाहात बसवलेले असते. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचा हा प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट एवढाच असतो. ही गाठोडी कोणीतरी सोडावी लागते, आणि ती सोडण्याच्या कामाला डिकोडिंग म्हणतात. आपल्या सगळ्या प्रश्नाचे उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: आपल्या घरी ही गाठोडी सोडणार कोण, प्लेयर की होम थिएटर? ते एकदा ठरले की कोणती तार लावायची हे आपोआप ठरते.

आज आपल्याकडे ती प्लेयरमध्ये किंवा टीव्हीत सुटते आणि लगेच सहाच्या दोन वाहिन्या होतात, कारण हेडफोनच्या छिद्रातून डावी आणि उजवी याखेरीज तिसरी वाहिनी जाऊच शकत नाही. मधल्या वाहिनीतले संवाद तेव्हा नाहीसे होत नाहीत. ते थोडे हळू करून डाव्या आणि उजव्या बाजूत मिसळले जातात, आणि ढोल, वारा, गाडीचे आवाज यांच्या गर्दीत उभे राहतात. बाबांना शब्द कळत नाहीत त्याचे मोठे कारण हेच असावे.

नारिंगी सॉकेट म्हणजे कोअॅक्सिअल डिजिटल. तिच्यातून न सोडलेली गाठोडी जशीच्या तशी बाहेर येते. ऑक्सला साधा आवाज हवा असतो. तिथे आकड्यांचा प्रवाह घातला की तो आकडेच आवाज समजून वाजवतो, आणि तीच आपण ऐकलेली खरखर. आपण लगेच बंद केले हे फार चांगले केले, कारण असा आवाज मोठ्याने चालू राहिला तर लहान स्पीकरची कॉइल जळू शकते.

आता कृपया दोन गोष्टी पाहून सांगा. होम थिएटरवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसची खूण कुठे छापलेली आहे का, आणि त्याच्या मागे नेमकी कोणकोणती सॉकेट्स आहेत?

अकोटनाका

माझ्याकडे टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआय एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतूनच बाहेर देण्याच्या सोयीने, जोडलेले आहेत आणि एका तारेत सगळे काम होते. आपणही तसेच करावे असे सुचवतो. टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी लिहिले असेल तेच वापरावे लागते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना सूचना देऊ देणारी सोय) चालू असावे लागते.

सोल्डरगन

अकोटनाका दादा, आपली जोडणी योग्य आहे, परंतु धागाकर्त्यांनी ती तार विकत घेण्याआधी थांबावे. एआरसी ही सोय एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून आली, आणि ती टीव्ही व अॅम्प्लिफायर या दोघांकडेही असावी लागते. होम थिएटरला एचडीएमआयचे सॉकेटच नसेल तर ती तार कुठे लावणार? शिवाय आलेला प्रवाह सोडणारी चिप आत असावी लागते. मी हिंगणघाट तालुक्यात दुरुस्तीचे काम करतो. ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असलेले जे पाच स्पीकरचे संच आपल्या बाजारात जास्त खपतात, त्यांपैकी माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेकांच्या पेटीत फक्त सहा अॅम्प्लिफायर असतात, डिकोडर नसतो. खोक्यावर ५.१ लिहिलेले असते आणि ते खोटे नसते, पण त्याचा अर्थ एवढाच की सहा वाहिन्या तुम्ही सोडवून आणून दिल्यात तर आम्ही त्या वाजवू. ग्राहकाला हे काउंटरवरच सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण माणूस पीक विकून पैसे आणतो आणि घरी गेल्यावर अर्धा संच मुका निघतो.

पांदणवाट (धागाकर्ता)

माळवद सर, सोल्डरगन दादा, आपले आभार. टॉर्च लावून पाहिले. डॉल्बी किंवा डीटीएसची खूण कुठेही नाही. होम थिएटरच्या मागे ऑक्सची दोन सॉकेट्स आहेत आणि त्यांच्या शेजारी सहा सॉकेट्स तीन-तीनच्या दोन ओळींत आहेत, त्यांवर डीव्हीडी ५.१ असे लिहिले आहे. ऑप्टिकल नाही, एचडीएमआयही नाही. प्लेयरच्या मागे एचडीएमआय, पिवळे-पांढरे-लाल, ते नारिंगी, आणि एका कोपऱ्यात सहा सॉकेट्सचा आणखी एक गट आहे. त्यांवर एफएल, एफआर, सी, एसडब्ल्यू, एसएल, एसआर अशी अक्षरे आहेत. ही सॉकेट्स इतकी वर्षे कोणी वापरलेलीच नाहीत, त्यांत धूळ भरली आहे.

माळवद

मग प्रश्न सुटला. आपला प्लेयर स्वतः गाठोडी सोडून सहा वाहिन्या सहा तारांनी बाहेर द्यायला तयार आहे, आणि होम थिएटर त्या घ्यायला तयार आहे. अशी सहा सॉकेट्स असलेले प्लेयर आता बाजारात सहज मिळत नाहीत, त्यामुळे हा प्लेयर जपून ठेवा.

एफएल आणि एफआर म्हणजे समोरचा डावा आणि उजवा, सी म्हणजे मधला, एसडब्ल्यू म्हणजे वूफर, एसएल आणि एसआर म्हणजे मागचा डावा आणि उजवा. प्रत्येक अक्षरापासून पलीकडच्या त्याच अक्षरापर्यंत एक तार न्यायची. टीव्हीला जाणारी एचडीएमआय तार चित्रासाठी आहे तशीच राहू द्या आणि टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवा. हेडफोनची तार काढून टाका.

सोल्डरगन

तारांसाठी यवतमाळला जाण्याची गरज नाही. डिश किंवा जुन्या प्लेयरबरोबर येणारी पिवळी-पांढरी-लाल तार घरोघरी पडलेली असते. अशा दोन तारा घेतल्या की सहा टोके झाली. पिवळे टोक चित्राचे म्हणून आवाजाला चालणार नाही असे अनेकांना वाटते, परंतु ते तितकेच चांगले चालते. उलट चित्राची तार ७५ ओहमची असते, तेव्हा पुढेमागे डिकोडर असलेला संच घेतलात तर नारिंगी सॉकेटसाठी पिवळीच वापरा.

एक विनंती आहे. तारा लावण्याआधी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून पेनाने अक्षर लिहा. दोन पांढरी, दोन लाल आणि दोन पिवळी टोके कपाटामागे गेली की कोणती कुठली हे अंधारात कोणालाच सांगता येत नाही. सॉकेटमधली धूळ आधी कोरड्या ब्रशने काढा, आणि हे सगळे करताना दोन्ही प्लग भिंतीतून काढलेले असू द्या.

पांदणवाट (धागाकर्ता)

काल रात्री सहाही तारा लावल्या. एक तार आमच्या घरी होती, दुसरी शेजारच्या काकूंकडे मिळाली. पण अजूनही फक्त समोरचे दोन स्पीकर वाजत आहेत, आणि आता वूफरसुद्धा गप्प आहे. होम थिएटरच्या रिमोटने ऑक्सवरून डीव्हीडीवर आणले आहे. माझे काय चुकते आहे?

माळवद

तारा बरोबर आहेत, आता प्लेयरला सांगायचे राहिले आहे. कारखान्यातून येताना बहुतेक प्लेयर दोन वाहिन्यांवर ठेवलेले असतात, कारण बहुतेक घरांत दोनच तारा लागतात. रिमोटवर सेटअप दाबा आणि स्पीकर सेटअप किंवा ऑडिओ सेटअप या पानावर जा. तिथे डाउनमिक्स (सहा वाहिन्या दोनांत मिसळणे) नावाची ओळ असेल आणि ती स्टिरिओ किंवा एलटी/आरटी यांवर असेल. ती ऑफ किंवा ५.१ करा. काही प्लेयरमध्ये स्पीकर एकेक करून चालू करावे लागतात. तिथे मधल्यापुढे, मागच्यांपुढे आणि वूफरपुढे ऑन आणायचे. डिजिटल आउटपुटच्या ओळीवर एसपीडीआयएफ रॉ असेल तर ती ऑफ करून पाहा, कारण काही प्लेयर न सोडलेला प्रवाह बाहेर देत असताना सहा सॉकेट्सकडे आवाज पाठवत नाहीत. ही पाने डिस्क चालू असताना करडी दिसतात आणि बदलत नाहीत, म्हणून आधी डिस्क बाहेर काढा.

आणखी एक जागा तपासायची आहे. डिस्कच्या स्वतःच्या मेनूमध्ये भाषेबरोबर ऑडिओचे दोन पर्याय असतात, एक २.० आणि एक ५.१. सेटअप कितीही बरोबर असले आणि डिस्कवर २.० निवडलेले असले, तर मधल्या स्पीकरला काहीही मिळणार नाही.

कवेलू

मी हा धागा लक्ष देऊन वाचत आहे, कारण आमच्याकडेही पाच स्पीकर आहेत आणि दोनच वाजतात. आमचे गाव लाखनीजवळ आहे. सासऱ्यांकडे झाडीपट्टीतल्या नाटकांच्या आणि दंडारीच्या जुन्या व्हीसीडी आहेत, वडशाला नाटक पाहायला गेले की ते घेऊन यायचे. माळवद सरांनी सांगितलेले सेटिंग मी आज केले. चित्रपटाच्या डीव्हीडीवर सगळे स्पीकर वाजले, पण नाटकाच्या डिस्कवर पुन्हा दोनच. प्लेयर डिस्क ओळखत नाही का?

माळवद

ताई, प्लेयर अगदी बरोबर ओळखतो. व्हीसीडीचा नमुना १९९३ मध्ये ठरला, तेव्हा तिच्यावर आवाजाच्या दोनच वाहिन्या ठेवल्या गेल्या. सेकंदाला २२४ किलोबिटचा तो स्टिरिओ आवाज असतो आणि मधल्या किंवा मागच्या स्पीकरसाठी तिच्यावर काहीही लिहिलेले नसते. शिवाय मंडपातल्या नाटकाचे चित्रीकरण बहुधा कॅमेऱ्यावरच्या माइकनेच झालेले असते, म्हणजे मुळात आवाज एकाच ठिकाणाहून घेतलेला आहे.

आपल्या प्लेयरच्या किंवा अॅम्प्लिफायरच्या मेनूमध्ये प्रो लॉजिक असे लिहिलेले असेल तर ते चालू करा. डाव्या आणि उजव्या वाहिनीत जे सारखे असते ते शोधून ते मधल्या स्पीकरकडे पाठवते, आणि नाटकात पात्रांचे बोलणे दोन्हीकडे सारखेच असते. मागच्या स्पीकरची अशा डिस्कवर अपेक्षा ठेवू नये. सासऱ्यांना संवाद स्पष्ट हवे असतील तर एवढे पुरेसे आहे. या डिस्क जपून ठेवा आणि शक्य असेल तर संगणकावर उतरवून घ्या, कारण ओलसर कपाटात त्यांचा चकचकीत थर खराब होतो आणि तो आवाज पुन्हा मिळत नाही.

पांदणवाट (धागाकर्ता)

डाउनमिक्स ऑफ केल्याबरोबर सहाही वाजू लागले. पण नवी अडचण आली आहे. माणसांचा आवाज रांजणात तोंड घालून बोलावे तसा घुमत येतो, आणि मधल्या स्पीकरमधून फक्त अधूनमधून धडधड ऐकू येते.

सोल्डरगन

मधला आणि वूफर यांची अदलाबदल झाली आहे, सी आणि एसडब्ल्यू ही टोके एकमेकांच्या जागी गेली आहेत. ही चूक माझ्याकडे येणाऱ्या संचांत सर्वांत जास्त दिसते, कारण ही दोन सॉकेट्स शेजारीशेजारी असतात आणि काही संचांवर छपाईच उलटी असते. प्लेयरच्या स्पीकर सेटअपमध्ये टेस्ट टोन असेल तर तो चालू करा. तो एकेका स्पीकरवर फुस्स असा आवाज फिरवतो आणि पडद्यावर नाव दाखवतो. पडद्यावर मधला दिसत असताना वूफर फुसफुसला तर टोके बदला.

आता डबे उघडलेच आहेत तर स्पीकरच्या तारांचे अधिक-उणेही तपासून घ्या. मागच्या स्पीकरपर्यंत लांब तार लागते म्हणून अनेकजण घरातली साधी दोनपदरी तार वापरतात आणि तिच्या दोन्ही पदरांना खूण नसते. एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा लागला तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. तपासण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरेसा आहे. अॅम्प्लिफायरकडचे टोक काढून घ्या, स्पीकरपुढची जाळी निघत असेल तर काढा, एकाने पडद्याकडे तिरप्या उजेडात पाहत बसावे आणि दुसऱ्याने तारेचा एक पदर सेलच्या टोपीला लावून दुसरा बुडाला क्षणभर टेकवावा. टक् असा आवाज येईल. पडदा पुढे उसळला तर टोपीला लागलेला पदर अधिकचा, त्याला लगेच गाठ मारून ठेवा. सेल टेकवून धरू नका.

पांदणवाट (धागाकर्ता)

टोके बदलली आणि बोलणे मधल्या स्पीकरमधून आले. बाबा दिवाणावर बसले होते. पहिले दहा मिनिटे ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा माणूस आता माझ्याशी बोलून राह्यला."

मागचा डावा स्पीकर खरोखरच उलटा लागलेला निघाला. सेलची परीक्षा धाकट्या बहिणीने केली. आता दोनच गोष्टी राहिल्या आहेत. डिशची पेटी चालू केली की मंद घूं असा आवाज येत राहतो, आणि बैठकीत आवाज फार घुमतो. बैठक १२ बाय १८ फुटांची आहे, भिंती सिमेंटच्या, वर टिनपत्रे.

सोल्डरगन

तो घूं आवाज ५० हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचाच असावा. डिशची तार छतावरून येते, तिचा संबंध एका ठिकाणी जमिनीशी होतो आणि होम थिएटरचा दुसऱ्या ठिकाणी, मग दोन्हींच्या मधून थोडा प्रवाह फिरत राहतो. टीव्ही, पेटी, प्लेयर आणि होम थिएटर या चौघांना भिंतीतल्या एकाच बोर्डावरून वीज द्या, बहुतेक वेळा घूं तिथेच थांबते. काही लोक प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकतात. कृपया हे कधीही करू नका, पेटीत प्रवाह उतरला तर तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

आपली जमीन काळी कसदार आहे का? असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवती पोकळी पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी ओतत जा. रात्री शेतातले पंप चालू झाले की गावातली लाईन खाली येते, म्हणून स्टॅबिलायझर बसवा, आणि मृगाच्या आधीच्या विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर डिशची तारसुद्धा काढून ठेवा. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या पेट्यांपैकी कित्येकांत वीज प्लगमधून आली नव्हती, छतावरच्या तारेतून उतरली होती.

माळवद

घुमण्याबद्दल माझे एक निरीक्षण सांगतो. आमच्या घरी दिवाळीनंतर वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत बैठकीच्या मागच्या भिंतीशी भरून ठेवलेला असे. त्या दोन महिन्यांत रेडिओ इतका स्वच्छ ऐकू यायचा की शब्द कानात उचलून ठेवावा. गाडी भरून कापूस गेला की त्याच खोलीत आवाज पुन्हा भिंतींवरून आदळू लागे. कापूस आवाज शोषतो. आपल्याकडे कापूस असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर मागच्या भिंतीला गाद्यांची चळत उभी करा आणि खाली सतरंजी अंथरा. टिनपत्र्याचा एखादा ढिला खिळा वूफरबरोबर खडखडत असेल तर तो शोधून आवळा, आणि वूफर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढा.

स्पीकरच्या जागांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस स्टुडिओत वापरतात. बसणाऱ्याच्या नाकासमोर मधला, त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर समोरचे, आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे पाठीमागे नव्हे तर कानांच्या थोडे मागे. आवाजाला एक फूट जायला मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. समोरचे दहा फुटांवर आणि मागचे चार फुटांवर असतील तर मागचा आवाज सुमारे पाच मिलिसेकंद आधी पोहोचतो. प्लेयरमध्ये अंतराची ओळ असेल तर तिथे खरी अंतरे भरा, तो मागच्यांना तेवढे थांबवतो.

बाबांसाठी मात्र मी या शिफारशीला थोडी मुरड घालेन. मधला स्पीकर टीव्हीवर न ठेवता खाली, ते बसतात त्या उंचीला आणा आणि त्याचे तोंड त्यांच्या डाव्या कानाकडे वळवा. स्पीकर सेटअपमध्ये मधल्याची पातळी तीन-चार डेसिबलने वाढवा. नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज अशी ओळ असेल तर तीही चालू करा, म्हणजे स्फोटाचे आवाज खाली येतात आणि हळू बोलणे वर येते.

पांदणवाट (धागाकर्ता)

सर, आमच्याकडे या वर्षी नऊ क्विंटल कापूस अजून घरातच आहे, तो आतल्या खोलीत होता. काल आम्ही तिघांनी तो बैठकीच्या मागच्या भिंतीशी आणून लावला. बोर्ड एक केल्यावर घूं आवाज गेला. मधला स्पीकर पाटावर ठेवून बाबांच्या डाव्या कानाकडे वळवला आहे आणि पातळी चारने वाढवली आहे. नाइट मोडही चालू आहे.

सहाही तारांची अक्षरे आणि मेनूतली सगळी सेटिंग्ज वहीच्या एका पानावर लिहून ते पान कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे, म्हणजे मी घरी नसताना लाईन जाऊन सेटिंग बदलले तरी बहिणीला ते परत लावता येईल. काल रात्री पूर्ण चित्रपट झाला आणि बाबांनी एकदाही "काय म्हणाला तो?" असे विचारले नाही.

कवेलू

आमच्या प्लेयरमध्येही प्रो लॉजिक निघाले. सासरे सकाळपासून दंडारीची डिस्क लावून बसले आहेत. संगणकावर उतरवण्यासाठी लाखनीच्या एका मुलाला बोलावले आहे, त्यात काही अडले तर इथेच विचारीन.